‘अग्रीव्ह’ या शब्दाचं ओझं

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं इंग्रजी शब्दांच्या एकाच घराण्याभोवती फिरत होती: ‘ग्रीव्ह’, ‘अग्रीव्ह’, ‘ग्रीव्हन्स’, ‘ग्रीव्हस’. म्हणून हे सदर मुख्यतः त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न: मी न्यायालयीन कागदपत्रांचं भाषांतर करते. शब्दकोशात ‘अग्रीव्ह’चा अर्थ ‘दुःख देणे’ असा सापडतो. पण ‘अग्रीव्ह्ड पर्सन’चं ‘दुःखी व्यक्ती’ केलं की वकील हरकत घेतात. नेमका अर्थ काय धरावा? (अनुवादक, सातारा)

वकिलांची हरकत बरोबर आहे. या शब्दाच्या पोटात मुळात दुःख नाही, वजन आहे. लॅटिनमध्ये ‘ग्राविस’ म्हणजे जड. त्यावरून ‘ग्रावारे’ म्हणजे ओझं लादणं, आणि आधी ‘अद्’ हा उपसर्ग लागून ‘अग्ग्रावारे’, म्हणजे आहे त्या ओझ्यात भर घालणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘अग्रेव्हेर’ झालं. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन राजांचा अंमल आला, दरबारात आणि पुढे न्यायालयांत फ्रेंच बोलली जाऊ लागली, आणि साधारण १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत ‘अग्रेव्हन’ या रूपात दिसू लागतो. त्या काळचे त्याचे अर्थ असे: छळणं, जाचणं, नुकसान करणं. एका ‘ग’चे दोन ‘ग’ नंतर झाले, लॅटिन स्पेलिंगचा धाक वाढला तेव्हा. उच्चारात मात्र आजही एकच ‘ग’ आहे आणि जोर दुसऱ्या अवयवावर (सिलेबलवर) आहे: अ-ग्रीव्ह.

१३६२ साली इंग्लंडमध्ये कायदा करून न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असं ठरलं. भाषा बदलली तरी फ्रेंचमधून आलेले शब्द बदलले नाहीत. ‘अग्रीव्ह्ड’ हा त्यांपैकीच एक. त्यामुळे घराघरांतल्या इंग्रजीत याच शब्दाचा भाऊ ‘ग्रीव्ह’ हळूहळू मनाच्या दुःखाकडे सरकला, तरी न्यायालयातला ‘अग्रीव्ह्ड’ जुन्या अर्थाला धरून राहिला: दुसऱ्याच्या कृतीने किंवा निर्णयाने ज्याच्यावर भार आला तो.

१८८० साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने साइडबॉटम यांच्या प्रकरणात याची व्याख्या केली. नुसती निराशा झालेला माणूस ‘अग्रीव्ह्ड’ नव्हे. ज्याच्याविरुद्ध निर्णय होऊन त्याचं काहीतरी गैररीत्या हिरावलं गेलं, किंवा जे मिळायला हवं होतं ते नाकारलं गेलं, तो ‘अग्रीव्ह्ड’. आपल्याकडेही हा प्रश्न आला. महाराष्ट्र बार कौन्सिलच्या एका प्रकरणात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी राज्याची वकील परिषद ही ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३८ खाली ‘पर्सन अग्रीव्ह्ड’ ठरते असा निर्णय दिला, आणि या शब्दांचा अर्थ ज्या त्या कायद्याच्या हेतूप्रमाणे घ्यावा लागतो असं सांगितलं. परिषदेला डोळे नसतात, ती रडत नाही. तरीही ती ‘अग्रीव्ह्ड’ आहे. ‘दुःखी’ हा प्रतिशब्द इथेच बाद होतो.

आता मराठीत काय लिहावं? सरकारी आणि न्यायालयीन मराठीत ‘व्यथित’, ‘बाधित’ आणि ‘पीडित’ हे तिन्ही शब्द आढळतात. तिघांनाही एकेक अडचण आहे. ‘व्यथित’ मनाच्या अवस्थेवर बोट ठेवतो, हक्कावर ठेवत नाही. ‘बाधित’ला ‘पूरबाधित’, ‘प्रकल्पबाधित’ यांची सवय लागली आहे. त्यात परिणाम झाला एवढंच कळतं, गैर झालं हे कळत नाही. शिवाय साथीच्या वर्षांनंतर नुसता ‘बाधित’ म्हटलं की वाचकाला आजारी माणूस दिसतो. ‘पीडित’ शब्द शरीरावर किंवा प्रतिष्ठेवर झालेल्या आघाताला शोभतो. म्हणून २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातल्या किंवा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातल्या स्त्रीला ‘पीडित’ म्हणणं चालतं. पण मोजणीच्या नकाशावर हरकत घेणाऱ्या शेतकऱ्याला ‘पीडित’ म्हणणं विचित्र होतं.

आमचा सल्ला असा. कायद्याचा अधिकृत मराठी पाठ उपलब्ध असेल तर त्यातलाच शब्द घ्या, तुम्हाला तो आवडो वा न आवडो, कारण न्यायालय तोच वाचणार. अधिकृत पाठ नसेल तर पहिल्यांदा अर्थ फोडून लिहा: ‘या निर्णयाने जिच्या हक्काला बाध आला आहे अशी व्यक्ती (यापुढे “बाधित व्यक्ती”)’. मग पुढे सगळीकडे ‘बाधित व्यक्ती’ चालवा. एकाच अर्जात कुठे ‘व्यथित’ आणि कुठे ‘बाधित’ असं होऊ देऊ नका. दोन शब्द दिसले की समोरचा वकील त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत का, असं विचारू शकतो. माहिती अधिकाराच्या पहिल्या अपिलात, म्हणजे कलम १९(१) खाली ३० दिवसांत करायच्या अर्जात, भावनेचं वर्णन करायची गरजच नसते. ‘अमुक तारखेच्या निर्णयाने माझ्या माहिती मिळण्याच्या हक्काला बाध आला आहे, म्हणून हे अपील’ एवढं वाक्य ‘अग्रीव्ह्ड’चं सगळं काम करतं.

प्रश्न: ‘ग्रीफ’ (दुःख) आणि आपला ‘गुरू’ एकाच मुळाचे आहेत, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे खरं, की नुसती ध्वनीची जुळवाजुळव? (मराठीचे शिक्षक, बेळगाव)

खरं आहे, आणि हे नातं ध्वनिनियमांवर उभं आहे, दिसण्यावर नाही. संस्कृतात ‘गुरु’चा पहिला अर्थ जड, वजनदार. मान्यवर, शिक्षक हा अर्थ त्यावरून आला. हेच मूळ ‘गरिमा’, ‘गरिष्ठ’, ‘गौरव’ यांत आहे. पुरणपोळी पचायला गरिष्ठ म्हणतो तेव्हा ‘सर्वांत जड’ हाच मूळ अर्थ आपण वापरत असतो.

पुराव्यासाठी तीन भाषांची रूपं शेजारी ठेवा. संस्कृत ‘गुरु’, ग्रीक ‘बारुस’, गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतलं ‘काउरुस’. तिघांचा अर्थ जड. पहिला वर्ण ग, ब आणि क असा का बदलतो? या सगळ्यांची पूर्वज असलेल्या मूळ भारत-युरोपीय भाषेत इथे ओठ गोल करून उच्चारला जाणारा एक ‘ग्व’ होता. संस्कृतात त्याचा ‘ग’ झाला, ग्रीकमध्ये बहुधा ‘ब’ आणि जर्मानिक भाषांत ‘क’. हा योगायोग नाही, कारण हीच साखळी दुसऱ्या शब्दातही सापडते: संस्कृत ‘गो’, ग्रीक ‘बूस’, इंग्रजी ‘काऊ’. लॅटिनमध्ये या ‘ग्व’चा एरवी ‘व’ होतो, पण पुढे व्यंजन आलं की ‘ग’ राहतो. ‘ग्राविस’मध्ये पुढे ‘र’ आहे, म्हणून तिथे ‘ग’ दिसतो. शाळेत मुलांना सांगायचं तर ग्रीक शाखा रोज ऐकू येणारी आहे. बॅरोमीटर हवेचं वजन मोजतो, बॅरिटोन म्हणजे जड, खर्जाकडचा आवाज, आणि बेरियम हे मूलद्रव्य ज्या जड खनिजातून मिळालं त्यावरून त्याचं नाव पडलं. न्यूटनने १६८७ च्या लॅटिन ग्रंथात ‘ग्राविटास’ वापरला आणि मराठीने त्यासाठी ‘गुरुत्वाकर्षण’ घडवला. दोन्ही शब्दांच्या मुळाशी तेच एक ओझं आहे.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे आणि ती तुमच्या वर्गात नक्की सांगावी अशी आहे. ‘ग्राविस’वरून ‘ग्राव्ह’ व्हायला हवं होतं. मग ‘ग्रीव्ह’मधला ‘ई’ कुठून आला? बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये ‘ग्राविस’चं ‘ग्रेविस’ झालं, आणि ते त्याच्या विरुद्धार्थी शब्दाच्या संगतीने झालं. तो विरुद्धार्थी शब्द ‘लेविस’, म्हणजे हलका. जोडीने बोलले जाणारे शब्द एकमेकांचा स्वर घेतात. या ‘लेविस’वरून ‘रेलेवारे’, पुन्हा उचलणं, आणि त्यावरून इंग्रजी ‘रिलीव्ह’, ‘रिलीफ’. म्हणजे ‘ग्रीव्ह’ आणि ‘रिलीव्ह’ यांचं यमक हे नुसतं यमक नाही. एक जड करणारा, दुसरा हलकं करणारा, आणि पहिल्याने स्वर घेतला तो दुसऱ्याच्याच घराण्यातून. आता ‘लेविस’चा संस्कृतातला सख्खा भाऊ पाहा: ‘लघु’. ग्रीव्ह-रिलीव्ह ही जोडी म्हणजे वृत्त शिकवताना फळ्यावर तुम्ही ज्यांच्या खुणा करता ते आपले लघु आणि गुरू. एक मात्रा हलकी, दोन मात्रा जड.

दाव्याच्या कागदातही ही जोडी शेवटच्या परिच्छेदात एकत्र येते. ‘अग्रीव्ह्ड’ माणूस ‘रिलीफ’ मागतो. मराठी वकील तिथे ‘दाद मागतो’ म्हणतात. ‘दाद’ फारसी, अर्थ न्याय. तिथे वजनाची उपमा सुटते, पण आशय तोच राहतो.

प्रश्न: मग ‘ग्रेव्ह’ म्हणजे थडगं, हाही दुःखाशी संबंधित म्हणून याच कुळातला का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पणजी)

नाही. ‘गंभीर’ या अर्थाचा ‘ग्रेव्ह’ लॅटिनमधून आला, तो या कुळातला. थडग्याचा ‘ग्रेव्ह’ जुन्या इंग्रजीतल्या ‘खणणे’ या क्रियापदावरून आला. ‘एन्ग्रेव्ह’, कोरणं, हा त्याचा नातेवाईक. फ्रेंचमधला स्वरावरचा ‘ग्राव्ह’ चिन्ह मात्र आपल्याच घरचा, जड म्हणजे खालच्या पट्टीतला स्वर दाखवणारा. संपाला फ्रेंचमध्ये ‘ग्रेव्ह’ म्हणतात तो पुन्हा परका. पॅरिसमध्ये सेन नदीकाठच्या वाळूगोट्यांच्या ज्या चौकात कामाच्या शोधातले मजूर जमत, त्या चौकाच्या नावावरून तो पडला. स्कॉटलंडमध्ये शेतावरच्या मुकादमालाही ‘ग्रीव्ह’ म्हणतात. त्याचंही दुःखाशी नातं नाही. तो ‘शेरीफ’मधल्या ‘रीव्ह’चा, म्हणजे कारभाऱ्याचा भाऊ. मुंबईच्या शेरीफ या मानाच्या पदात तोच कारभारी दडलेला आहे.

प्रश्न: आमच्या कार्यालयातून निधनाबद्दल इंग्रजीत सांत्वनपत्रं जातात. मसुद्यात ‘अग्रीव्ह्ड फॅमिली’ असं असतं. काहींच्या मते ‘ग्रीव्ह्ड’ हवं, काहींच्या मते ‘बिरीव्ह्ड’. (बँक कर्मचारी, नागपूर)

‘अग्रीव्ह्ड फॅमिली’ आजच काढून टाका. त्याचा अर्थ वाचणाऱ्याला असा लागतो की या कुटुंबावर कोणीतरी अन्याय केला आहे आणि त्यांची तक्रार आहे. रुग्णालयाने किंवा कंपनीने असं पत्र पाठवलं तर ते कबुलीसारखं वाचलं जाईल. हेतू चांगला असूनही शब्दाने घात होतो तो असा.

योग्य शब्द ‘बिरीव्ह्ड फॅमिली’. याचं मूळ मात्र लॅटिन नाही, अस्सल जुनं इंग्रजी आहे: लुटणं, हिरावून घेणं. मृत्यूने ज्यांचं माणूस हिरावलं ते. ‘ग्रीव्हिंग फॅमिली’ही चालेल, अर्थ शोक करणारं कुटुंब. ‘ग्रीव्ह्ड’ मात्र पाठवणाऱ्यासाठी ठेवा: ‘वुई आर डीपली ग्रीव्ह्ड टु हिअर’, म्हणजे ही बातमी ऐकून आम्हाला अतिशय दुःख झालं.

इथे ‘ग्रीव्ह’ची दोन बांधणी ध्यानात ठेवावी लागते. एका बांधणीत दुःख देणारी गोष्ट कर्ता असते: ‘इट ग्रीव्ह्ज मी’, याने मला दुःख होतं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पवित्र आत्म्याला ‘ग्रीव्ह’ करू नका असं वाक्य आहे. तिथे अर्थ ‘दुखवू नका’ असा आहे. ‘त्याच्यासाठी शोक करू नका’ असा अर्थ लावला तर भाषांतर पूर्ण उलटतं. दुसऱ्या बांधणीत दुःख करणारा माणूस कर्ता असतो आणि पुढे ‘फॉर’ किंवा ‘ओव्हर’ येतं: ‘शी ग्रीव्ह्ज फॉर हर फादर’. आज दुसरी बांधणी अधिक चालते, पहिली औपचारिक झाली आहे. भाषांतर करताना आधी ‘फॉर’ किंवा ‘ओव्हर’ आहे का ते पाहा. नसेल आणि क्रियापदापुढे थेट माणूस आला असेल, तर ‘दुखवणे’. ‘अग्रीव्ह’ला मात्र दुसरी बांधणी नाहीच. ‘आय अग्रीव्ह फॉर हिम’ असं इंग्रजी नाही.

मराठी मसुदा करायचा असेल तर इंग्रजीचा शब्दशः माग काढू नका. ‘आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. ‘दुःख कोसळणे’, ‘जड अंतःकरणाने’, ‘मन हलकं करणे’ यांत वजन आपोआप येतं.

प्रश्न: ‘ग्रीव्हन्स रिड्रेसल कमिटी’ला ‘तक्रार निवारण समिती’ म्हणतात. ‘गाऱ्हाणे’ हा आपला शब्द असताना ‘तक्रार’ का? दोन्हींत फरक आहे का? (कामगार संघटनेचे पदाधिकारी, इचलकरंजी)

फरक आहे आणि तुमच्या कामात तो उपयोगाचा आहे. ‘तक्रार’ मूळचा अरबी, तिथे त्याचा अर्थ पुनरावृत्ती, तेच तेच पुन्हा म्हणणं. फारसीत त्याला वादाचा अर्थ आला आणि मराठीत गैरसोय सांगण्याचा. ‘फिर्याद’ फारसी, मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. ‘गाऱ्हाणे’ संस्कृत ‘गर्हणा’पासून, म्हणजे दोष देणं, निंदा करणं. त्यात दोष कुणाचा हे सांगणं अपेक्षित आहे. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. मानकरी एकेक मागणं मोठ्याने म्हणतो आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. तिथे निंदा उरलेली नाही. आपला भार थोरापुढे, चारचौघांच्या साक्षीने मांडणं एवढाच अर्थ उरला आहे. ‘ग्रीव्हन्स’च्या मूळ अर्थाच्या इतका जवळ जाणारा दुसरा मराठी शब्द आम्हाला दिसत नाही.

इंग्रजीतही ‘कम्प्लेंट’ आणि ‘ग्रीव्हन्स’ एक नाहीत. पंखा बंद आहे ही कम्प्लेंट. तीन वेळा लेखी देऊनही पंखा दुरुस्त होत नाही आणि शेजारच्या विभागात मात्र त्याच दिवशी होतो, ही ग्रीव्हन्स. पहिलीत गैरसोय आहे, दुसरीत अन्यायाचा भार आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ ची. तिच्यात सरकारकडे ग्रीव्हन्सचं निवारण मागण्याचा हक्क दिला आहे, तो या दुसऱ्या अर्थाने.

आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना अशी समिती बंधनकारक झाली. समितीचं नाव काहीही असो, तिच्यापुढे जाणारा अर्ज ग्रीव्हन्सच्या घडणीचा हवा. त्यात चार गोष्टी याव्यात: काय घडलं आणि कोणत्या तारखेला, कोणता नियम, करार किंवा रुळलेली पद्धत त्याने मोडली, त्याचा तुमच्यावर पडलेला भार आकड्यात, म्हणजे किती दिवसांचा पगार, किती तास जादा काम, आणि नेमकं काय करून हवं आहे. बहुतेक अर्ज दुसऱ्या मुद्द्यावर अडतात. ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे तीनदा लिहिलेलं असतं, पण कोणता नियम मोडला ते एकदाही नसतं. मग ती तक्रार म्हणून नोंदवली जाते आणि ‘संबंधितांना सूचना दिल्या’ या शेऱ्यावर संपते. वकिली इंग्रजीत आरोपाच्या गाभ्याला ‘ग्रावामेन’ म्हणतात, तोही याच ‘ग्राविस’वरून आलेला. अर्थ असा की सगळं वजन ज्या मुद्द्यावर टेकलं आहे तो मुद्दा. अर्ज लिहिताना तो एक मुद्दा आधी कागदावर वेगळा काढा.

प्रश्न: ‘ग्रीव्हस हर्ट’ की ‘ग्रीव्हियस हर्ट’? (विधी अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, लातूर)

ग्रीव्हस. दोनच अवयव. ‘सीरियस’, ‘प्रीव्हियस’ यांच्या धर्तीवर जिभेवर एक ‘इ’ जास्तीचा येतो आणि मग तो स्पेलिंगमध्येही शिरतो. परीक्षकाला तो लगेच दिसतो. स्पेलिंगसाठी ‘बिलीव्ह’, ‘रिलीव्ह’, ‘अचीव्ह’ ही माळ पाठ ठेवा: सगळ्यांत आधी ‘आय’, मग ‘ई’. आणि नामात शेवटी ‘एफ’, क्रियापदात ‘व्ही’: बिलीफ-बिलीव्ह, रिलीफ-रिलीव्ह, ग्रीफ-ग्रीव्ह. जुन्या फ्रेंचमध्ये शब्दाच्या अगदी शेवटी ‘व्ह’ आला की त्याचा ‘फ’ होई, ‘रिलीफ’ आणि ‘ग्रीफ’ ही त्याची खूण.

‘ग्रीव्हस हर्ट’ म्हणजे गंभीर दुखापत. इथे अर्थ पुन्हा ‘जड’ असाच आहे, दुःख नव्हे. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३२० मध्ये या दुखापतीचे आठ प्रकार होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ११६ मध्ये आहेत. आठही प्रकार पाठ करताना शेवटच्यात झालेला बदल चुकवू नका: तीव्र वेदना किंवा नित्याची कामं न करता येणं यांची मुदत पूर्वी २० दिवस होती, आता १५ दिवस आहे. जुनी पुस्तकं हातात असलेले विद्यार्थी इथे हमखास चुकतात.

प्रश्न: ‘ॲग्रव्हेट’ म्हणजे ‘वाढवणे’ असं शिकलो. पण नातू ‘यू आर ॲग्रव्हेटिंग मी’ म्हणतो. हे चूक ना? (निवृत्त प्राचार्य, पुणे)

चूक म्हणता येणार नाही. ‘ॲग्रव्हेट’ आणि ‘अग्रीव्ह’ ही जुळी भावंडं. एकच लॅटिन शब्द इंग्रजीत दोनदा आला: एकदा फ्रेंचमार्गे झिजून, आणि दुसऱ्यांदा १६ व्या शतकात पुस्तकातून थेट. आधी अर्थ जड करणं, मग वाईट गोष्ट आणखी वाईट करणं, आणि १७ व्या शतकापासून चिडवणं. म्हणजे नातवाचा अर्थ चारशे वर्षं जुना आहे. तरी व्याकरणाचे कडवे लोक त्याला आजही नाक मुरडतात, म्हणून परीक्षेत आणि अर्जात ‘इरिटेट’ वापरावं. रुग्णाच्या कागदावर ‘ॲग्रव्हेटेड बाय वॉकिंग’ असेल तर मात्र अर्थ एकच: चालल्याने दुखणं वाढतं.

दुःखाचा शब्द रागाकडे सरकणं आपल्याला परकं नाही. ‘संताप’ संस्कृतात ताप, क्लेश, मनाची होरपळ. मराठीत तो निखळ राग झाला. ‘ग्रीव्ह’लाही सुरुवातीच्या काळात ‘राग आणणे’ हा अर्थ होता, फक्त तो पुढे गळून पडला. संस्कृतात दुःख बहुधा जळतं किंवा हलवतं: ‘शोक’ हा ‘शुच्’पासून, म्हणजे तळपणं, जळणं, ‘व्यथा’ ही ‘व्यथ्’पासून, म्हणजे थरथरणं. इंग्रजीने या घराण्यात दुःखाला वजन दिलं.

प्रश्न: नैसर्गिक रंगांच्या इंग्रजी पुस्तकात ‘आयर्न विल सॅडन द कलर’ असं वाक्य आहे. रंगाला दुःखी कसं करणार? (हातमाग व्यावसायिक, पैठण)

इथे ‘सॅडन’ म्हणजे रंग गडद आणि दबका करणं. ‘सॅड’चा प्रवासही पोटातून आणि वजनातून झाला आहे. जुन्या इंग्रजीत ‘सॅड’ म्हणजे पोट भरलेला, तृप्त. जर्मनमध्ये ‘झाट’ आजही तोच अर्थ देतो. भरलेला म्हणून जड, जड म्हणून घट्ट आणि स्थिर, स्थिर म्हणून गंभीर, आणि शेवटी खिन्न. न फुगलेल्या पावाला काही भागांत ‘सॅड ब्रेड’ म्हणतात. रंगाऱ्यांनी ‘गंभीर’ या टप्प्यावरचा अर्थ जपला: ‘सॅड कलर’ म्हणजे भडकपणा नसलेला रंग.

करायचं असं. फेरस सल्फेट, म्हणजे आपला हिराकस, कोरड्या कापडाच्या वजनाच्या २ टक्के घ्या: १०० ग्रॅम कापडाला २ ग्रॅम. आधी थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, मग ते कापड मोकळं बुडेल इतक्या कोमट पाण्यात मिसळा. तुरटी लावून रंगवलेलं कापड ओलं करूनच त्यात घाला. कोरडं घातलं की डाग पडतात, कारण लोह पहिल्या स्पर्शाला पकडतं. सतत हलवत राहा. फरक काही मिनिटांतच दिसतो. हवी ती छटा येण्याच्या थोडं आधी काढा आणि दोन-तीन पाण्यांत धुवा. मंजिष्ठेचा लाल जांभळटाकडे जातो. हिरड्यावर लोह चढलं की राखाडी ते काळा येतो.

हिराकस वाढवून रंग अधिक गडद करण्याचा मोह टाळा. जास्तीच्या लोहाने धागा कालांतराने ठिसूळ होतो. लोकर आणि रेशीम यांना हे आधी जाचतं. काळेपणा अधिक हवा असेल तर हिरड्याचा हात आधी चांगला द्या आणि हिराकस तेवढाच ठेवा. लोहाचं भांडं आणि ढवळायची काठी वेगळी ठेवा. तुरटीच्या भांड्यात लोहाचा अंश राहिला तर पुढच्या घाण्याचा पिवळाही मळकट निघतो.